हयातीचा खरा दाखला

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकांच्या शाखांतून एक परिचित दृश्य दिसू लागते. निवृत्तिवेतन घेणारी वयस्क मंडळी, कुणी काठी टेकीत, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, ‘हयातीचा दाखला’ देण्यासाठी रांगेत उभी असतात. आपण जिवंत आहोत, हे वर्षातून एकदा सरकारला कळवावे लागते. त्याशिवाय पुढचे निवृत्तिवेतन हाती पडत नाही. २०१४ सालापासून हा दाखला बोटाच्या ठशावरून यंत्राद्वारे देण्याची सोय झाली, आणि आता तर तो घरबसल्याही देता येतो. ज्यांचे पाय चालत नाहीत त्यांच्या दृष्टीने ही मोठीच सोय होय. परंतु तिचे स्वागत करीत असतानाच एक प्रश्न मनात आल्यावाचून राहात नाही. घरापासून बँकेपर्यंतचे ते थोडेसे अंतर स्वतःच्या पायांनी चालून जाता येणे, हाच हयातीचा अधिक खरा दाखला नव्हे काय?

हा प्रश्न केवळ भावनेचा नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशातील सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते. आज ते सत्तरीला टेकले आहे. ज्याने साठी गाठली त्याच्या वाट्याला त्यापुढेही सरासरी सुमारे अठरा वर्षे येतात. देवनार येथील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आणि संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या निधी यांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०५० च्या सुमारास भारतातील दर पाच माणसांत एकाहून अधिक माणूस साठीच्या पुढचा असेल. ही अठरा वर्षे कशी जावयाची, अंगणात की अंथरुणात, हा आता ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न राहिलेला नाही. तो सार्वजनिक धोरणाचा प्रश्न झाला आहे.

लंडनची दुमजली बस

हालचाल आणि आयुष्य यांच्या संबंधाच्या आधुनिक अभ्यासाचा प्रारंभ एका दुमजली बसमध्ये झाला, ही गोष्ट मुंबईकर वाचकास विशेष जवळची वाटावी. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये मध्यमवयीन पुरुष हृदयविकाराने मोठ्या संख्येने मरू लागले. जेरेमी मॉरिस या संशोधकाने आपल्या सहकाऱ्यांसह लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१,००० कामगारांच्या आजारपणाची नोंद तपासली. ड्रायव्हर आणि कंडक्टर ही एकाच गाडीवरची दोन माणसे. राहणी सारखी, वस्ती सारखी. फरक एवढाच की, ड्रायव्हर पाळीचा बहुतेक वेळ बसून असे, तर कंडक्टर तिकिटे देता देता दिवसाकाठी जिन्याच्या पाचशे ते साडेसातशे पायऱ्या चढत असे. १९५३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. कंडक्टरांना हृदयविकार कमी प्रमाणात होत होता. झालाच तर तो उशिरा होई आणि त्याचे स्वरूपही तुलनेने सौम्य असे. टपाल खात्यातही हेच दिसले. पत्रे वाटत पायी वा सायकलवरून हिंडणारा पोस्टमन हा त्याच खात्यात खुर्चीवर बसून काम करणाऱ्या कारकुनापेक्षा अधिक सुरक्षित होता.

मॉरिस यांची थोरवी अशी की, आपल्याच निष्कर्षावर पहिला आक्षेप त्यांनीच घेतला. ड्रायव्हरच्या जागेवर मुळातच स्थूल माणसे जात असतील तर? १९५६ मध्ये त्यांनी कामगारांना मिळणाऱ्या गणवेशाच्या मापांवरून ही शंका तपासली. ड्रायव्हरांच्या विजारींचा कमरेचा घेर कंडक्टरांच्यापेक्षा अधिक होता, आणि हा फरक तरुण वयोगटांतही आढळत होता. म्हणजे माणसे काही अंशी आपली प्रकृती बरोबर घेऊनच त्या त्या कामावर येत होती. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही अडचण चांगली ठाऊक आहे. शिकलेल्यांना पगार अधिक मिळतो, तो शिक्षणामुळे की ज्यांची परिस्थिती बरी तेच शिकतात म्हणून, हा वाद त्याच जातीचा आहे.

यानंतर मॉरिस सरकारी कचेऱ्यांकडे वळले. १९७३ आणि १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहण्यांत त्यांनी हजारो मध्यम श्रेणीच्या सरकारी नोकरांच्या फावल्या वेळाचा हिशेब घेतला. येथे सर्वांचेच काम बैठे होते. तरीही फावल्या वेळात अंगमेहनतीचा व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकाराचे प्रमाण इतरांच्या निम्म्याहून कमी भरले. मॉरिस स्वतः २००९ मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी वारले. एका माणसाच्या दीर्घायुष्याने सिद्धान्त सिद्ध होत नसतो, हे त्यांनीच सर्वांना शिकविले होते. म्हणून या योगायोगाचा अधिक गवगवा करण्याचे कारण नाही.

आयुष्याचा जमाखर्च

व्यायामाने आयुष्य वाढते, असे सरसकट म्हटले जाते. किती वाढते? अमेरिकेत राल्फ पॅफेनबर्गर यांनी हार्वर्ड विद्यापीठाच्या १६,९३६ माजी विद्यार्थ्यांची पाहणी करून १९८६ मध्ये याचे एक उत्तर दिले. चालणे, जिने चढणे आणि खेळणे यांत आठवड्याला २,००० वा अधिक कॅलरी खर्च करणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण बैठे जीवन जगणाऱ्यांपेक्षा पाव ते एकतृतीयांशाने कमी होते. मात्र ऐंशीव्या वर्षापर्यंतच्या हिशेबात प्रत्यक्ष आयुष्याची भर पडली ती एक ते दोन वर्षांहून थोडी अधिक, एवढीच.

आता एक साधा जमाखर्च मांडून पाहू. एवढी शक्ती खर्च करण्यासाठी माणसाला रोज किमान पाऊण तास तरी भरभर चालावे लागेल. चाळीस वर्षे हा नेम पाळला तर एकूण १०,९५० तास होतात. जागेपणाचे दिवसाला सोळा तास धरले, तर हे सुमारे ६८४ दिवस, म्हणजे एक वर्ष आणि साडेदहा महिने भरतात. जितके आयुष्य मिळाले, जवळजवळ तितकेच ते मिळविण्यात खर्ची पडले! केवळ वर्षे मोजावयाची झाली तर हा व्यवहार ना नफा, ना तोटा असा ठरेल. सकाळची हवा आणि सोबत्यांशी गप्पा हा खर्च नव्हे, ती मिळकतच आहे, असे कोणी म्हणेल. आणि ते खरेही आहे. पण तरीही दीर्घायुष्य हे व्यायामाचे मुख्य फळ मानणे हिशेबाला धरून नाही.

नवे पुरावेही याच दिशेने बोट दाखवितात. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे सत्तर ते सत्त्याहत्तर वर्षांच्या १,५६७ स्त्री-पुरुषांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी करण्यात आली. काहींना देखरेखीखाली व्यायाम देण्यात आला, तर उरलेल्यांना केवळ सरकारी आरोग्यनियम पाळण्यास सांगण्यात आले. पाच वर्षांनंतरचे, २०२० मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, या गटांतील मृत्यूंच्या प्रमाणात निश्चयाने सांगता येईल असा फरक दिसला नाही. अर्थात ज्यांना देखरेखीचा व्यायाम दिला नव्हता तेही घरी बसून नव्हते. त्या देशात वृद्धांनी हिंडणे-फिरणे हा सर्वसाधारण शिरस्ताच आहे. तथापि, व्यायाम म्हणजे मृत्यूला लांब ठेवण्याचा ताईत, अशी जी समजूत जाहिरातदार पसरवितात, तिला या प्रयोगाने आळा बसावयास हवा.

मग लाभ कशात आहे? २०१४ मध्ये अमेरिकेत पूर्ण झालेल्या एका मोठ्या प्रयोगात याचे उत्तर सापडते. सत्तर ते एकोणनव्वद वर्षांची, बैठ्या सवयीची आणि पायांतील शक्ती उणावलेली १,६३५ माणसे त्यात होती. निम्म्यांना चालणे, पायांना बळ देणारे व्यायाम आणि तोल सांभाळण्याचा सराव देण्यात आला. निम्म्यांना आरोग्यविषयक व्याख्याने. कसोटी एकच होती: चारशे मीटर अंतर स्वतःच्या पायांनी चालता येते की नाही? सरासरी अडीच वर्षांहून थोड्या अधिक काळात व्याख्याने ऐकणाऱ्यांपैकी ३५.५ टक्के लोक ही कसोटी गमावून बसले. व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ३०.१ टक्के होते. फरक चमत्काराचा नाही. पण शंभरांतील पाच माणसांना बँक, वाचनालय, देऊळ, भाजीबाजार आणि मित्राचे घर परत मिळाले, असा त्याचा अर्थ आहे. आमच्या गावांतून आणि पेठांतून माणसाचे सारे सामाजिक आयुष्य बहुधा या चारशे मीटरांतच सामावलेले असते. ते अंतर गेले की माणूस जिवंत असूनही समाजातून वजा होतो.

विश्रांतीचा अतिरेक

येथे आपल्या एका जुन्या संस्काराचा विचार करणे प्राप्त आहे. वार्धक्य म्हणजे विश्रांती, हे समीकरण आपल्या मनात खोल रुजलेले आहे. ‘आता पुष्कळ केलेत, आता बसा’, हे वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराचे वाक्य समजले जाते. वडिलांनी पाण्याची बादली उचलली तर मुलाला शरम वाटते. आईने पिशवी हाती घेतली तर सून ती काढून घेते. वृद्धांसाठी नगरपालिका जे काही बांधतात त्याला ‘विरंगुळा केंद्र’ म्हणतात, आणि तेथे बहुधा बाकांखेरीज काही नसते.

प्रस्तुत लेखकाला याचा अनुभव घरातच आला. वडील कारकुनी करून निवृत्त झालेले. निवृत्तीनंतरही बारा वर्षे दळण, भाजी, टपाल हे सारे त्यांच्याकडे होते आणि ते तिसऱ्या मजल्यावरून दिवसातून दोनतीनदा उतरत-चढत असत. एका पावसाळ्यात तापाचे निमित्त झाले. ताप आठवड्यात गेला. पण आम्ही मुलांनी, ‘अण्णा, तुम्ही उठू नका, सारे हातात आणून देतो’, म्हणत त्यांना दीड महिना खाटेवरून हलू दिले नाही. ते म्हणत, ‘अरे, मला खालपर्यंत जाऊन येऊ दे.’ आम्हाला तो हट्ट वाटे. दीड महिन्यानंतर त्यांना खरोखरीच जिना उतरता येईना, आणि पुढे तो कधीच आला नाही. यात दोष ना डॉक्टरचा होता ना दैवाचा. तो आमच्या अजाण मायेचा होता.

विश्रांती शरीराचे काय करते, हे डॅलस येथील एका प्रयोगाने दाखवून दिले आहे. १९६६ मध्ये वीस वर्षे वयाच्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवण्यात आले आणि त्यांच्या दमश्वासाची मोजणी करण्यात आली. तीस वर्षांनी तीच पाच माणसे पन्नाशीत असताना पुन्हा तपासली गेली. निष्कर्ष असा निघाला की, तीस वर्षांच्या वयवाढीने त्यांच्या कार्यशक्तीची जेवढी हानी झाली होती, तिच्याहून अधिक हानी त्या तीन आठवड्यांनी केली होती. आणि त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, सहा महिन्यांच्या बेताबेताने वाढविलेल्या व्यायामानंतर ती माणसे विशीतील आपल्या मूळ पातळीवर परत आली. ज्याला आपण ‘वय झाले’ म्हणतो, त्यातील मोठा भाग वयाचा नसून बसण्याचा असतो, एवढे यावरून निश्चित म्हणता येईल.

आणि त्यासाठी फार उशीर झाला, असेही सहसा होत नाही. बॉस्टन येथे १९९० मध्ये सरासरी नव्वदीतील दहा माणसांना आठ आठवडे वजने उचलण्याचा सराव दिला गेला, तेव्हा त्यांच्या पायांची शक्ती सरासरीने पावणेतीनपटींच्या घरात गेली. २०१९ मध्ये १०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. त्यात व्यायामाने, विशेषतः तोल सांभाळण्याच्या व्यायामाने, वृद्धांच्या पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. पडणे आणि मांडीचे हाड मोडणे हा आपल्याकडील कितीतरी घरांत अखेरच्या आजारपणाचा आरंभ असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे या तेवीस टक्क्यांचे मोल कळते.

रोज दहा हजार पावले चाललीच पाहिजेत, हा जो धाक सध्या घातला जातो, त्याचीही येथे दखल घेतली पाहिजे. हा आकडा कोणत्याही प्रयोगशाळेतून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजण्याच्या यंत्राच्या नावातून तो आला. २०१९ च्या एका अमेरिकन पाहणीत, सरासरी बहात्तर वर्षांच्या १६,७४१ स्त्रियांपैकी ज्या दिवसाला सुमारे ४,४०० पावले चालत, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४१ टक्क्यांनी कमी होते. साडेसात हजारांच्या आसपास हा लाभ स्थिरावला. आजारी माणूस कमीच चालतो, म्हणून यातील सारा फरक चालण्याच्या खात्यावर जमा करता येणार नाही. परंतु सर्वांत मोठा लाभ अगदी न चालणाऱ्याने थोडे चालण्यात आहे, हे मात्र यातून स्पष्ट होते. अर्थशास्त्रातील घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धान्त वर्गात शिकविताना यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

श्रम वेगळे, व्यायाम वेगळा

येथवरचे विवेचन वाचून एखादा वाचक विचारील की, हे सारे पांढरपेशांचे दुखणे नव्हे काय? ऊसतोडणीच्या फडावर पहाटेपासून कोयता चालविणाऱ्या आणि डोक्यावर मोळी वाहणाऱ्या साठीच्या बाईला व्यायाम कोणी शिकवावयाचा? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर टाळून चालणार नाही.

श्रम हाच व्यायाम असता, तर हमाल आणि ऊसतोड मजूर हे समाजातील सर्वांत दीर्घायुषी लोक असावयास हवे होते. वस्तुस्थिती तशी नाही, हे सांगण्यास संशोधकाची गरज नाही. तथापि संशोधनही झाले आहे. कोपनहेगन येथील एक लाखाहून अधिक लोकांच्या पाहणीचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, फावल्या वेळातील हालचालीबरोबर मृत्यूचे प्रमाण घटत जाते; पोटासाठी कराव्या लागणाऱ्या अंगमेहनतीबरोबर मात्र ते वाढताना दिसते. यात गरिबीचा वाटा किती आणि श्रमाचा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. पण कारणांची संगती लावता येते. व्यायाम करणारा दमला की थांबतो. मजुराला थांबता येत नाही. व्यायामानंतर पोटभर अन्न आणि झोप असते. मजुरीनंतर दुसऱ्या दिवशीची मजुरी असते. लंडनच्या कंडक्टरच्या पायऱ्या हलक्या आणि थांबत थांबत चढलेल्या होत्या. पाठीवरच्या पोत्याची गोष्ट निराळी.

महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी कायदा केला, तेव्हा ओझे वाहणाऱ्या शरीरालाही हक्क असतात, हे मान्य केले. त्या विचाराची पुढील पायरी अशी की, म्हाताऱ्या शरीराला श्रमातून सुटका आणि विश्रांतीचाही हक्क असावा. देवनारच्याच संस्थेने २०१७-१८ मध्ये केलेल्या वार्धक्यविषयक देशव्यापी पाहणीत साठीच्या पुढील तिघांपैकी एकाहून अधिक माणसे अद्याप काम करीत असल्याचे आढळले. त्यांतील कितीजण आवडीने काम करीत असतील, याची कल्पना वाचकांनीच करावी.

दुसऱ्या बाजूस, २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ आवश्यक तेवढी हालचाल करीत नव्हते. २००० साली हे प्रमाण सुमारे २२ टक्के होते. पुरुषांत ते ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के होते. दिवसभर घरात राबणाऱ्या स्त्रीविषयी असे म्हणणे अन्यायाचे वाटेल. परंतु ओट्यापाशी तासन् तास उभे राहण्याने माणूस थकतो, त्याच्या हृदयाला आणि पायांना व्यायाम मात्र घडतोच असे नाही. थकवा म्हणजे व्यायाम नव्हे. आणि ‘मी जरा फिरून येते’ हे वाक्य आपल्या किती घरांतून सासूला वा सुनेला संकोचावाचून उच्चारता येते?

तात्पर्य, या देशात हालचालीचे वाटपही उत्पन्नासारखेच विषम आहे. काहींच्या वाट्याला इतके श्रम येतात की शरीर झिजून जाते. काहींच्या वाट्याला इतकी विश्रांती येते की शरीर गंजून जाते. दोघांनाही जे मिळत नाही ते एकच: स्वतःच्या मर्जीने चालण्याचा मोकळा वेळ आणि मोकळी वाट.

वाट कोणाची?

वेळेचा प्रश्न वेतन आणि वृद्धांचे निवृत्तिवेतन यांच्याशी निगडित आहे. तो एका लेखात सुटणारा नाही. वाटेचा प्रश्न मात्र तुलनेने सोपा आहे, आणि म्हणूनच तो न सुटणे अधिक लाजिरवाणे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये सांगितले की, प्रौढांनी, वृद्धांनीसुद्धा, आठवड्याला किमान दीडशे मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल व बळ यांचा सराव करावा. उपदेश उत्तम आहे. पण तो पाळावयाचा कोठे?

केंद्रीय परिवहन खात्याच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशातील रस्त्यांवर ३२,८२५ पादचारी मारले गेले. म्हणजे दिवसाला सुमारे नव्वद. भारतीय रस्ते परिषदेच्या मानकांप्रमाणे पदपथावर किमान १.८ मीटर रुंदीची वाट मोकळी असावयास हवी. वाचकांनी उद्या सकाळी आपल्या घरासमोरचा पदपथ, असल्यास, मोजून पाहावा. पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचाऱ्यांविषयीचे धोरण स्वीकारले आणि २०२१ मध्ये लक्ष्मी रस्त्यावर एक दिवस वाहने थांबवून पादचारी दिनही साजरा केला. प्रारंभ म्हणून हे स्वागतार्ह आहे. परंतु वर्षातील उरलेले तीनशे चौसष्ट दिवस वृद्धांनी काय करावयाचे, हा प्रश्न उरतोच. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अडथळेविरहित पदपथ हा घटनेच्या एकविसाव्या कलमातील जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे स्पष्ट केले. कायद्याच्या दृष्टीने आता शंकेला जागा राहिलेली नाही. राहिली आहे ती केवळ इच्छा.

चौकातील दिव्यांचीच गोष्ट घ्या. पादचाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरून दिव्यांची वेळ ठरविण्याचा प्रघात अनेक देशांत आहे. इंग्लंडमधील एका पाहणीत पासष्टीपुढील बहुसंख्य लोक याहून हळू चालत असल्याचे २०१२ मध्ये दिसून आले. म्हणजे रस्ता ओलांडण्याची वेळच तरुणांच्या पायांनी मोजलेली असते. काही सेकंद वाढविण्यास किती खर्च येतो? उद्यानाचे दार दुपारी उघडे ठेवण्यास, दर दोनशे पावलांवर एक बाक ठेवण्यास, एस.टी.ची पायरी चार बोटे खाली आणण्यास किती खर्च येतो?

येथे खर्चाची तुलना करणे अगत्याचे आहे. २०२४ पासून सत्तर वर्षांवरील प्रत्येक नागरिकाला, त्याचे उत्पन्न काहीही असो, आयुष्मान भारत योजनेखाली वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण देण्यात आले. निर्णय योग्यच आहे; त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु पडलेल्या माणसासाठी पाच लाखांची तरतूद करणारे शासन, तो पडू नये म्हणून उखडलेली फरशी बसविण्यास पैसे नाहीत असे म्हणू लागले, तर त्या अर्थकारणात काहीतरी मुळातच चुकलेले आहे. मॉरिस यांनी १९९४ मध्ये व्यायामाला सार्वजनिक आरोग्यातील सर्वांत किफायतशीर सौदा म्हटले होते. मात्र हा सौदा नागरिकाने एकट्याने करावयाचा नसतो. चालणे नागरिकाचे, वाट शासनाची, आणि मोकळीक कुटुंबाची, असे त्याचे तीन भागीदार आहेत.

जपानमध्ये १९२८ पासून सकाळी रेडिओवरून कवायतीचे संगीत प्रसारित केले जाते, आणि उद्यानांतून आबालवृद्ध त्या तालावर हातपाय हलवितात. त्याला ना यंत्रे लागतात, ना वर्गणी. आपल्याकडे जिल्ह्याजिल्ह्यांत ज्येष्ठ नागरिक संघ आहेत, शाळांची मैदाने सकाळी रिकामी असतात, आणि शारीरिक शिक्षणाचे शिक्षक गावोगाव आहेत. या तिघांची गाठ घालून देण्यास नवी योजना नको, नवे मंत्रालय तर नकोच. एखाद्या शाळेच्या मुख्याध्यापकाने मनावर घेतले तरी आरंभ होऊ शकेल. हे दैनिक वाचणाऱ्यांत शिक्षक पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

व्यायामाने मरण टळत नाही. ते किती लांबते याविषयीही दावे बेतानेच केले पाहिजेत. परंतु मरण येईपर्यंत माणूस आपल्या पायांवर उभा असावा, आपल्या मर्जीने उंबरठा ओलांडू शकावा, आणि ‘मला खालपर्यंत जाऊन येऊ दे’ असे म्हणण्याची पाळी त्याच्यावर येऊ नये, एवढी अपेक्षा सुसंस्कृत समाजाकडून करावयास हरकत नसावी. यंदाच्या नोव्हेंबरात घरातील वडीलधारे हयातीचा दाखला देण्यास निघाले, तर त्यांच्यासाठी रिक्षा बोलावण्यापूर्वी एकदा विचारून पाहावे: चालत येता का? मीही बरोबर येतो.